दुधाचा चहा

"...म्हणजे आता माझ्यात कमी काय आहे, तात्या?"

हृषिकेशने विचारलं नम्रपणे, पण उत्तर तो घरूनच ठरवून आला होता. समाजकार्याची पदवी झाली होती, एमएसडब्ल्यूचं शेवटचं वर्ष सरत आलं होतं, वर समुपदेशनाचा डिप्लोमा. उरलं होतं ते फील्डवर्क, आणि त्यावर तात्यांचा होकार.

वाघमोडेतात्या एकेकाळी कॉलेजात शिकवत. आता दगडखाणीच्या वस्तीला लागून एका खोलीत राहत. कॉलेज शेवटच्या वर्षाची पोरं त्यांच्याकडे धाडी, आणि ते 'हो' म्हणेपर्यंत कोणी पास होत नसे.

तात्या शेंगा सोलत बसले होते.

"यल्लूबाईकडे जाऊन आलास ना? काय पाहिलंस?"

यल्लूबाई खाणीत खडी फोडायची. पायावर दगड पडला आणि ती घरी बसली. पाय बरा होईपर्यंत एका ट्रस्टने हातभार लावावा, एवढंच तिचं मागणं होतं. घर बघून मत द्यायचं काम हृषिकेशकडे आलं होतं.

"परिस्थिती बरी आहे," तो म्हणाला. "बसायला खुर्ची होती. चहा घट्ट दुधाचा. खरी गरजू घरं वेगळी असतात, तात्या. भावनेत वाहून जायचं नाही, हे तुम्हीच शिकवता. मी ट्रस्टला तसं कळवलं. त्यांनी तिला नाही म्हटलं."

स्वारी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाली होती.

तात्यांचा हात थांबला.

"चहा चांगला होता?"

"उत्तम!"

"मग परत पिऊन ये. आत्ता. न कळवता."

म्हाताऱ्याचं काहीतरीच, असं मनात म्हणत हृषिकेश निघाला.

यल्लूबाई उंबऱ्यात बसून कोरा चहा पीत होती. आत खुर्ची नव्हती.

"अगं बया, सायब!" भिंतीला धरून ती कशीबशी उठली. "शांते, खुर्ची दे गं! आन् घोटभर दूध हाय का?"

शेजारची शांता खुर्ची घेऊन आली. खुर्चीच्या एका हाताला निळी सुतळी बांधलेली. मागच्या वेळी हृषिकेश याच खुर्चीवर ऐटीत बसला होता. मग शांताने दुधाची वाटी आणून दिली. तिच्या कडेवरची पोर त्या वाटीकडे बघत राहिली.

"राहू द्या, बाई..."

"असं कसं? पावण्याला कोरा चहा द्यायचा व्हय?"

चहा उकळला. कप त्याच्या हातात देत यल्लूबाई म्हणाली, "ट्रस्टवाल्यांनी न्हाई म्हनलं, सायब. पर तुमी आमच्यापायी लई बोलला असाल. मला ठावं हाय."

हृषिकेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कप कसाबसा रिकामा करून तो उठला.

तिथून तो थेट ट्रस्टच्या कचेरीत गेला. चूक माझी, घर नीट न बघता मी मत दिलं, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. दिवस कलताना तो तात्यांच्या दारात परतला. चपला काढल्या, पण बसला नाही.

"तिची मदत सुरू करतायत... तात्या, मला नापास करा."

"बाईला सांगितलंस?"

"...काय?"

"तिला 'नाही' कुणामुळे आलं ते."

"आता मदत मिळतेय ना तिला. मग कशाला उगाच..." त्याचा आवाज खाली गेला. "मी तिच्यासाठी भांडलो, असं समजते ती. लाज वाटते हो, तात्या. कुठल्या तोंडाने जाऊ?"

तात्या गुडघ्यावर हात टेकून उठले, दाराशी आले. वाकून त्यांनी हृषिकेशच्या चपला उचलल्या.

"अहो तात्या... तुम्ही नका..."

तात्यांनी चपला वस्तीच्या दिशेने वळवून ठेवल्या.

"जा, सांग. आणि सांगून झाल्यावर तिने चहा टाकला, तर नको म्हणू नकोस."