टिकलीची चिंधी आणि पिवळं विमान

घर्रर्र… घर्रर्र…

फार वर्षांपूर्वी असा एक आवाज आला. आभाळातून आला.

तेव्हा गेनू आजोबा आजोबा नव्हते. एवढासा गेनू होता. गेनू घाबरला. त्याने आईच्या लुगड्यात तोंड लपवलं. मग हळूच एक डोळा बाहेर काढला. वर पाहिलं.

विमान!

विमान गेलं. आवाज गेला. पण गेनूच्या कानातून काही तो गेला नाही.

गेनू मोठा झाला. म्हातारा झाला. मग त्याने स्वतःच एक विमान केलं. लाकडाचं. पिवळं. आपण आत बसू शकत नाही, पण उडतं मात्र खरं. आणि केवढं लांब? त्याची बायको सगुणाआजी, तिच्यापेक्षा लांब.

आजोबांची गाडी मात्र छोटी. लाल. एवढीशी.

विमानाच्या आणि गाडीच्या शेडमध्ये, खालच्या फळीखाली, टिकली उंदरीण राहायची. टिकलीचं एक पिल्लू होतं. शेंगदाण्याएवढं. पिल्लाची एक चिंधी होती. जांभळी. मऊ मऊ. चिंधीत तोंड घातलं, की पिल्लू झोपायचं.

एका सकाळी टिकली ज्वारीचा दाणा आणायला गेली. तुरुतुरु गेली. तुरुतुरु आली.

बघते तर चिंधी नाही.

पिल्लू उघडं. पिल्लू रडतंय. चूं चूं. चूं चूं.

चिंधी गेली कुठे?

झालं होतं असं. आजोबा आणि आजी विमान घेऊन माळावर निघाले होते. वारा उठायच्या आत पोचायचं होतं. वारा उठला की विमान भलतीकडेच जातं. पण विमान गाडीत मावेना. शेपूट घातली, तर नाक बाहेर. नाक घातलं, तर शेपूट बाहेर.

मग आजोबांनी शेपूट पुढे घेतली. ती ठेवली आजीच्या मांडीवर. नाक राहिलं मागे, डिकीच्या बाहेर. डिकी दोरीने बांधली. दोन्ही पंख काढून आत घातले. एक पंख गप्प बसला. दुसरा काचेवर वाजू लागला. खडखड. खडखड.

"पंखाला खरचटेल की," आजोबा म्हणाले.

त्यांनी इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. फळीखाली हात घातला. हाताला मऊ लागलं. डोळ्यांवर चष्मा नव्हता. पिल्लू काही दिसलं नाही. आजोबांनी चिंधी ओढली, आणि दिली खोचून पंखाच्या आणि काचेच्या मध्ये.

खडखड थांबली.

"बसलं बघ," आजोबा म्हणाले. आणि त्यांनी गाडी चालू केली. गाडी जुनी. गरम व्हायला वेळ लागायचा. घुर्र घुर्र. घुर्र घुर्र.

टिकलीने काचेत जांभळं काहीतरी पाहिलं. तिला चैन पडेना. शेपटी वळवळ. मिशा थरथर. तुरुतुरु धावली. टुणुक टुणुक गाडीत चढली.

टिकली पंखाला म्हणाली,

"पंखदादा, पंखदादा, हल ना.
चिंधी मिळेना.
पिल्लू झोपेना."

पंख म्हणाला, "कसा हलू? विमान माझ्या अंगावर रेललंय. विमान सरकलं, तर हलेन."

टिकलीला चैन पडेना. शेपटी वळवळ. मिशा थरथर. टुणुक टुणुक गेली विमानाकडे.

"विमानभाऊ, विमानभाऊ, सरक ना.
पंख हलेना.
चिंधी मिळेना.
पिल्लू झोपेना."

विमान म्हणालं, "मला काय हौस आहे इथे अडकून बसायची? मी आभाळातला. पण माझी चाकं सीटच्या पाठीत अडकलीत. सीट वाकली, तर सरकेन."

टिकलीला चैन पडेना. शेपटी वळवळ. मिशा थरथर. टुणुक टुणुक गेली सीटकडे.

"सीटबाई, सीटबाई, वाक ना.
विमान सरकेना.
पंख हलेना.
चिंधी मिळेना.
पिल्लू झोपेना."

सीट म्हणाली, "वाकते गं. पण वाकायला जागा तर हवी. डिकी मागून रेटतेय. डिकी उघडली, तर वाकेन."

ऊन फाटकातून आत आलं. गाडीच्या दिव्यावर बसलं. आजोबांनी उन्हाकडे पाहिलं. घुर्र घुर्र. घुर्र घुर्र.

टिकलीला चैन पडेना. शेपटी वळवळ. मिशा थरथर. टुणुक टुणुक गेली डिकीकडे.

"डिकीताई, डिकीताई, उघड ना.
सीट वाकेना.
विमान सरकेना.
पंख हलेना.
चिंधी मिळेना.
पिल्लू झोपेना."

डिकी म्हणाली, "मी तर सकाळपासून आ करूनच आहे. ना धड बंद, ना धड उघडी. दोरीने धरून ठेवलंय मला. दोरी सुटली, तर उघडेन."

टिकलीला चैन पडेना. शेपटी वळवळ. मिशा थरथर. टुणुक टुणुक गेली दोरीकडे.

"दोरीमावशी, दोरीमावशी, सूट ना.
डिकी उघडेना.
सीट वाकेना.
विमान सरकेना.
पंख हलेना.
चिंधी मिळेना.
पिल्लू झोपेना."

दोरी म्हणाली, "आपली आपण सुटेल, ती दोरी कसली? गाठ आजोबांनी मारलीय. आजोबांनी गाठ सोडली, तर सुटेन."

ऊन दिव्यावरून वर चढलं. गाडीच्या काचेवर आलं. झाडाचं एक पान हललं. आजोबांनी पानाकडे पाहिलं. त्यांचा पाय थुई थुई हलू लागला. घुर्र घुर्र. घुर्र घुर्र.

टिकलीला चैन पडेना. शेपटी वळवळ. मिशा थरथर. टुणुक टुणुक गेली आजोबांकडे. त्यांच्या गुडघ्यावरच चढली.

"आजोबा, आजोबा, गाठ सोडा ना.
दोरी सुटेना.
डिकी उघडेना.
सीट वाकेना.
विमान सरकेना.
पंख हलेना.
चिंधी मिळेना.
पिल्लू झोपेना."

आजोबा म्हणाले, "अगं बाई, तीनदा बांधली ती दोरी. तिसऱ्यांदा कुठे नीट बसली. आता गाठ सोडली, की विमान हलणार. विमान हललं, की शेपूट आजीच्या हनुवटीला लागणार. मग बोलणी कोण खाणार? आजी हो म्हणाली, तर सोडेन."

टिकलीला चैन पडेना. शेपटी वळवळ. मिशा थरथर. टुणुक टुणुक गेली आजीकडे. आजी बसली होती अंग चोरून. मांडीवर शेपूट. कानाशी शेपूट. नाकासमोर शेपूट.

"आजी, आजी, हो म्हण ना.
आजोबा गाठ सोडेनात.
दोरी सुटेना.
डिकी उघडेना.
सीट वाकेना.
विमान सरकेना.
पंख हलेना.
चिंधी मिळेना.
पिल्लू झोपेना."

आजी म्हणाली, "काय झोपेना?"

"पिल्लू," टिकली म्हणाली. "माझं पिल्लू. रडतंय."

"रडतंय? मला नाही ऐकू आलं," आजी म्हणाली. "मला ऐकू आलं, तर हो म्हणेन."

आता काय करायचं? टिकली पिल्लाकडे जाऊन काय सांगणार? आणखी मोठ्याने रड म्हणून? ते तर बिचारं केव्हाचं रडतंय. पण गाडी ओरडतेय त्याच्याहून मोठ्याने. घुर्र घुर्र. घुर्र घुर्र.

टिकलीने आजीचं बोट धरलं. सोडेचना.

आजीने बोटाकडे पाहिलं. मग आजोबांकडे पाहिलं.

"अहो," आजी म्हणाली, "ती घुरघुर जरा थांबवा."

"पुन्हा चालू व्हायला वेळ घेते गं ती. वारा उठेल."

"थांबवा म्हणते ना."

आजोबांनी किल्ली फिरवली.

घुर्र… घुर्… घु.

सगळीकडे शांत झालं. पान हलायचं थांबलं. आजीने कान दिला. आजोबांनी कान दिला.

आणि फळीखालून आवाज आला. एवढासा.

चूं.

पुन्हा आला. चूं चूं.

"अहो," आजी म्हणाली, "काय खोचलंत त्या काचेशी?"

"चिंधी होती एक. फळीखाली."

"कुणाची होती, विचारलंत?"

आजोबांनी नुसती टोपी मागे सारली.

"सोडा ती गाठ," आजी म्हणाली. "शेपूट मी धरते. हनुवटीचं मी बघते."

मग काय झालं?

आजी हो म्हणाली.
आजोबा उठले. आजोबांनी गाठ सोडली.
दोरी सुटली. सुळ्ळ!
डिकी उघडली. धप्प!
सीट वाकली. कुईं!
विमान सरकलं. सर्रर्र!
पंख हलला. खड्!
आणि चिंधी खाली पडली. तिचा आवाजच झाला नाही. चिंध्यांचा होत नाही.

टिकलीने चिंधी तोंडात धरली.

आजी वाकून बघू लागली. "अहो, ही तर माझ्या जुन्या लुगड्याची. मी ही शोधून शोधून थकले होते." मग ती टिकलीला म्हणाली, "असू दे गं. तुलाच असू दे. पण येते म्हणून तरी सांग."

"कशी सांगेल?" आजोबा म्हणाले. "तोंड भरलंय तिचं."

टिकलीने शेपटी हलवली. टुणुक टुणुक उतरली. तुरुतुरु तुरुतुरु गेली. मागे चिंधी फरफर, फरफर.

इकडे पंख पुन्हा वाजला. खडखड. खडखड.

"आता?" आजी म्हणाली.

आजोबांनी डोक्यावरची टोपी काढली. घडी केली. पुन्हा एक घडी केली. पंखाच्या आणि काचेच्या मध्ये खोचली. खडखड थांबली.

"ऊन लागेल डोक्याला," आजी म्हणाली.

"लागू दे."

विमान पुढे सरकवलं. सीट उचलली. डिकी खाली ओढली. दोरी बांधली. चौथ्यांदा.

आजोबांनी खिशातून चष्मा काढला. डोळ्यांवर ठेवला. फळीशी गेले आणि वाकले. हळूच. गुडघे वाजले. कट् कट्.

फळीखाली टिकली होती. टिकलीजवळ पिल्लू होतं. शेंगदाण्याएवढं. पिल्लाने चिंधीत तोंड लपवलं होतं. एकच डोळा बाहेर होता.

पिल्लाने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी पिल्लाकडे पाहिलं.

मग डोळा मिटू लागला. थोडासा मिटला. उघडला. पुन्हा मिटला.

चिंधी मिळाली.
पिल्लू झोपलं.

"येताय ना?" आजी गाडीतून हळू आवाजात म्हणाली. "ऊन माझ्या मांडीवर आलं."

आजोबा आले. किल्लीकडे हात नेला. तिथेच थांबले. फळीकडे पाहिलं. हात मागे घेतला.

ते गाडीतून उतरले. दार उघडंच ठेवलं. एक हात स्टिअरिंगवर ठेवला. खांदा दाराला लावला. आणि ढकलली गाडी.

गाडी हलली. मुकाट हलली. पिवळं नाक हललं. दोरी हलली.

"अहो, चालू करा की," आजी कुजबुजली.

आजोबांनी नुसतं ओठांवर बोट ठेवलं. गाडी ढकलत ढकलत, उघड्या डोक्याने, फाटकातून बाहेर गेले.