कैतानचा रहाट

पुष्कळ वर्षं झाली, इतकी की मोजायला बसलात तर पानावरचं जेवण निवून जाईल. मुलांनो, पुढं सरका. थोरांनो, तुम्हीही ऐका, गोष्ट तुमचीच आहे.

समुद्राकाठी एक ख्रिस्ती गाव होतं. माती थोडी, वाळू फार, पण विहिरींचं पाणी असं की परगावचा माणूस ओंजळभर पिऊन विचारायचा, "साखर घातलीत काय हो?" आणि त्या गोड पाण्याच्या खालीच समुद्राचं खारं पाणी दबा धरून बसलेलं होतं. उपसा अति झाला की ते वर चढे, म्हणून वाडवडिलांनी एक शिरस्ता घालून दिला होता. दुपारी देवळाची घंटा झाली की रहाट थांबवायचा, बैल सोडायचा आणि विहिरीच्या काठावर बसून 'नमो मरिये' ही मरियामातेची प्रार्थना म्हणायची. अर्धी प्रार्थना एकानं, उरलेली अर्धी दुसऱ्यानं. मग थोडा वेळ नुसतं गप्प बसायचं. तेवढ्यात विहीर श्वास घेते, असं म्हातारे सांगत. रविवारी तर रहाटाला कुणी हातसुद्धा लावत नसे.

या गावात कैतानची मोगऱ्याची वाडी होती. माणूस कष्टाळू, देवभोळा आणि भारी हट्टी. त्या वर्षी तो देवळात सगळ्यांसमोर बोलून बसला, "सणाला वेदीवरचं फूल न् फूल माझ्या वाडीतलं असेल!" कुणी विचारलं होतं का त्याला? नाही. पण बोलला खरा.

आणि त्याच वर्षी ऊन असं पेटलं की कळ्या देठावरच सुकायला लागल्या. सणाला फुलं नसली तर तोंड कुठं लपवायचं? दुपारी घंटा झाली तरी त्यानं बैल सोडला नाही. "आजच्या दिवस चालू दे," तो म्हणाला. "फुलं देवाची, म्हणजे कामही देवाचंच."

त्याची बायको लुद्रीन काठावर बसली होती. ती आपली अर्धी प्रार्थना म्हणून थांबली. उरलेली अर्धी कैताननं बैलामागून चालता चालता पुटपुटली. दुसऱ्या दिवशी तेवढीही पुटपुटली नाही. पुढं रविवारीही रहाट थांबला नाही.

शेजारचा बस्त्यावबाबा कुंपणावरून ओरडला, "कैतान, अरे विहिरीला श्वास घेऊ दे! अति तिथं माती!"

"माती झाली तर बरंच की, बाबा. माझ्याकडे नुसती वाळू आहे," कैतान हसून म्हणाला. तोंडाला तोंड द्यायला पक्का!

बैलाला मात्र हे पटेना. त्याला घंटेची सवय. घंटा झाली की तो उभा राही, मग मारा नाहीतर झोडा. एका दुपारी कैतान इतका भडकला की त्यानं बैलाला सोडून दिलं आणि रहाटाचा दांडा आपल्याच खांद्यावर घेतला. काय म्हणावं या माणसाला! देवानं माणूस केलं, आणि हा आपण होऊन बैल झाला.

घंटेचा नाद विरला. गावातले सगळे रहाट थांबले. पाखरूही ओरडत नव्हतं. पांढऱ्या उन्हात एकच आवाज उरला. कर्र, कर्र, कर्र.

थोड्या वेळानं कैतानच्या लक्षात आलं की आपण दांडा ढकलत नाही आहोत. दांडाच आपल्याला ढकलतोय. त्यानं बाजूला व्हायला बघितलं. पाय ऐकेनात. खांदा सुटेना. विहिरीच्या तळातून आवाज येत होता, कुणीतरी धाप लागून श्वास ओढत असल्यासारखा. रहाटाची मडकी भरून वर येत होती. कैताननं एका मडक्यात पाहिलं, तर पाण्यात त्याचाच चेहरा होता. डोळे उघडे, तोंड उघडं, आणि श्वास नाही. पुढच्या मडक्यातही तोच चेहरा. त्याच्या पुढच्यातही तोच.

तो जिवाच्या आकांतानं ओरडला. तोंडातून बाहेर पडलं, "कर्र."

लुद्रीन पेजेचं भांडं घेऊन आली आणि जागच्या जागी खिळली. "अहो, थांबा! काय चाललंय हे?" नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, ओठ हलवले. "कर्र, कर्र." भांडं तिच्या हातातून पडलं. तिनं धावत जाऊन दांडा धरला, तर रहाटानं तिलाही वाळूतून फरफटत नेलं. मदतीला हाका मारल्या, पण आवाज जणू कुंपणाबाहेर जातच नव्हता.

मग तिनं त्या वेळेला जे करायचं असतं तेच केलं. काठावर जाऊन बसली, हात जोडले आणि आपली अर्धी प्रार्थना मोठ्यानं म्हटली. थांबली. कैतान समोरून फिरून गेला. तिनं पुन्हा म्हटली. पुन्हा थांबली. शेवटी रडत म्हणाली, "पुढचं मी म्हणायची नाही. ते तुमचं आहे."

कैतानला ऐकू येत होतं. पण लहानपणापासून म्हटलेले शब्द त्याला सापडेनात. तेव्हा तो खरा भ्याला. फुलांसाठी नाही, लोकांच्या हसण्यासाठी नाही. आपण आता असेच फिरत राहणार आणि आपल्याला कधीही थांबता येणार नाही, हे त्याला कळून चुकलं. मनातल्या मनात तो म्हणाला, "देवा, नकोत मला फुलं. मला थांबव."

आणि एक शब्द आला. फुटका, करकरणारा, पण शब्द. मग दुसरा. शब्दागणिक रहाट मंद होत गेला. "आमेन" म्हटलं आणि दांडा खांद्यावरून गळून पडला. कैतान तिथंच वाळूत कोसळला आणि लुद्रीनच्या मांडीवर डोकं ठेवून तान्ह्या मुलासारखा झोपला.

जाग आल्यावर त्यानं पाणी चाखलं. मिठासारखं खारट.

त्या पाण्यानं मोगरा मुळापासून जळला. सणाला वेदीवर दुसऱ्यांच्या वाडीतली थोडीशी फुलं होती, आणि कैतान रिकाम्या हातांनी शेवटच्या बाकावर बसला होता. त्या हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून त्यानं ते जोडले. कुणीही हसलं नाही.

पुढं रोज घंटा झाली की नवराबायको रहाट बंद ठेवलेल्या त्या विहिरीपाशी गप्प बसू लागली. पाणी पुन्हा गोड झालं, पण तोवर लुद्रीनचे केस पांढरे झाले होते. आणि कैतानचा आवाज शेवटपर्यंत सुधारला नाही. देवळात तो "आमेन" म्हणाला की लहान मुलं दचकून आईला बिलगत. तो रागावत नसे. "ऐकून ठेवा रे," एवढंच म्हणे.

देवासाठी कितीही राबा. पण देवापाशी गप्प बसायला वेळ काढला नाही, तर आतलं गोड पाणी आटतं आणि खारं तेवढं उरतं.