चित्रातल्या सवतीचं माहेर

"ती बया आज दिवस मावळायच्या आत वाड्याबाहेर गेली पाहिजे!" गजराबाई राणीसाहेब कडाडल्या.

"चित्र द्यायचं नाही, विकायचं नाही, अडगळीत टाकायचं नाही. ते माझं आहे आणि माझंच राहणार!" भुजंगराजे गरजले.

भांडण होतं जेवणघरातल्या चित्रावरून. गुणाजी चिताऱ्यानं काढलेली, केस वाळवता वाळवता खुदकन हसणारी बाई! राजांचा तिच्यावर भारी जीव. तिच्याकडे बघत ते बासुंदीत ठेचा कालवायचे आणि वर "वा!" म्हणायचे. राणीसाहेबांनी जातीनं उभं राहून करवलेल्या पुरणपोळीला मात्र कधी नुसतं "बरी" सुद्धा नाही!

हाल झाले कारभारी अंताजीपंतांचे. राजांपुढे ते म्हणत, "अप्रतिम!" राणीसाहेबांपुढे म्हणत, "अगदीच भिकार!" आज दोघं एकदमच समोर आले, तेव्हा पंतांनी घाईघाईनं तोंडात पान कोंबलं आणि झाडलोट करणाऱ्या ठकूकडे बोट दाखवलं. "चित्रावरची धूळ ही पुसते. जबाबदारी हिचीच!"

"ठरलं! ठकू, दोन्ही हुकूम पाळ," राजे म्हणाले. "एक जरी मोडलास, तर उद्यापासून वाड्याची पायरी चढायची नाही!"

 ठकूची म्हातारी सासू आणि लेकरं तिच्याच जिवावर होती. चित्रातली बाई मात्र हसतेच आहे. तिचं काय जातंय!

"राणीसाहेब, हिचा येवढा राग का वो?" ठकूनं भीत भीत विचारलं.

"सवत आहे ती माझी! सवत!"

ठकूनं केरसुणी खाली ठेवली. "म्हाराज, ऐकलंत? सवत म्हंजी तुमची बायकूच झाली की!"

"झालीच!" राजे खूश.

"मंग कसलं वो हे सासर? आल्यापास्नं येकदाबी पोरीला म्हायेरी धाडली न्हाई! गुणाजी चितारी तिचा बाप. घाला पालखीत! दिली न्हाई, इकली न्हाई, टाकली न्हाई. म्हायेरी गेलेली बायकू नवऱ्याचीच असती!"

राजांचा चेहरा पडला. "पण मला ती दिसायची कधी? या वाड्यात मला बघून हसणारी ती एकटीच आहे गं!"

"तुमचा दिवाळसण ऱ्हायलाय न्हवं? सासरा बोलवंलच की!"

"आणि परत कधी यायची?"

"मूळ धाडलं, आणायला मानूस गेला, की लगीच."

"पंत, उद्याच मूळ पाठवा!"

"थांबा म्हाराज! धाकटीला आणायला मूळ धाडायचं, ते घरातल्या थोरलीनं. थोरली कोन?" ठकूनं राणीसाहेबांपुढे मान लववली.

राणीसाहेब राजांकडे बघून गोड हसल्या. "धाडीन हो! घाई कसली? पोर पहिल्यांदाच माहेरी निघालीय, राहू दे चार वर्षं!"

"अरे, थोरलीसुद्धा हसते की!" राजे म्हणाले. मग असे खदखदून हसले की पगडी कानावर आली! हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी ठकूच्या ओंजळीत टाकलं. पंत म्हणाले, "मी हेच सुचवणार होतो."

दिवस मावळायच्या आत पालखी निघाली. पाठराखीण म्हणून सोबत ठकू, अंगावर राणीसाहेबांनी दिलेला कोरा शालू. आणि सवतीची ओटी राणीसाहेबांनी स्वतःच्या हातानं भरली. खणसुद्धा भारीतला निवडला!