कातळवाडीचा साडेतीन हातांचा पाळणा

कातळवाडीला पाळणाईच्या देवळापुढे एक पाळणा टांगलेला आहे. फणसाच्या लाकडाचा, लोखंडी साखळ्यांचा आणि चांगला साडेतीन हात लांब. पाहुणे हसतात आणि विचारतात, एवढं मोठं बाळ कोणाचं? देवळाचे दामूअण्णा गुरव या प्रश्नाची वाटच पाहत असतात. आधी पाहुण्यांना पायरीवर बसवून गूळपाणी देतात, मग सांगायला घेतात.

फार वर्षांपूर्वी इथे भानजी सुतार राहत होता म्हणे. बारा वर्षं घरात मूल नव्हतं, तेव्हा तो देवीला बोलला, "पोर दे, त्याच्या मापाचा पाळणा तुला वाहीन." मुलगा झाला. बारशाला भानजीची थोरली बहीण कोंडाई आली. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि कोंडाईला त्या मानाचा भारी तोरा. तिने बाळाच्या कानात कुर्रर्र करून आजोबांचं नाव सांगितलं, रायाजी. रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. बाळाने रडून घर डोक्यावर घेतलं आणि कोंडाई हसली.

नवसाचा पाळणा मात्र राहिला. गावाची दारं नि अवजारं करता करता सुताराचं घरचं काम उद्यावर जातं. अशी सतरा वर्षं गेली. लेकरू गुणी निघालं, रंधा असा फिरवी की फळीवरून माशी घसरावी. पण रायाजी म्हणून हाक आली की ते मागे वळून बघे, दुसरं कोणी आलंय का. एके दिवशी त्याने आईला सांगून टाकलं, "आये, समदी मला पोरगा म्हणत्यात. आत मी पोरगीच हाय, कळतंय तेव्हापास्नं. माझं नाव मंजुळा. जत्रंपातूर तुम्ही मला त्या नावानं हाक मारली तर राहीन, न्हाईतर गाव सोडीन."

आईने ते भानजीच्या कानावर घातलं. भानजीने कपाळाला हात लावला. नवस फेडला नाही म्हणूनच हे झालं, असं त्याने धरलं आणि जपून ठेवलेल्या फणसाच्या फळ्या काढल्या. पाळणा लेकराच्या मापाचा बोलला होता. देवीला दिलेल्या मापात काटछाट कशी करायची? त्याने दोर घेऊन लेकराला डोक्यापासून पायापर्यंत मोजलं. साडेतीन हात भरलं. गाव पोट धरून हसलं, पण भानजीने बोटभरही कमी केलं नाही.

पाळण्यात घालून आत्याने पुन्हा नाव सांगितलं की लेकराच्या डोक्यातलं जाईल, असं सगळ्यांना वाटत होतं. जत्रेला कोंडाई तणतणतच आली. "मी ठिवलेलं नाव आजवर कुणी उतरवलं न्हाई," असं भेटेल त्याला सांगत होती.

लेकरू पाळण्यात निजलं. कोंडाई कानाशी वाकली. तिने तोंड उघडायच्या आत लेकरानेच तिचा कान जवळ ओढला आणि हळूच म्हटलं, "कुर्रर्र. आत्या, तवा मला बोलता येत नव्हतं. मंजुळा."

कोंडाई तशीच वाकून राहिली. तिला बारशाचं ते रडणं आठवलं आणि आपलं हसणंही. सांगायची घाई होती, ऐकायचं राहूनच गेलं होतं. तिला मनापासून वाईट वाटलं. मग ती सरळ झाली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "नाव मंजुळा."

 धपाटे पडल्याशिवाय बारसं होत नाही हे सगळ्यांना ठाऊक, तरी एकाही बाईने हात उचलला नाही. कोंडाईने पदर खोचला आणि पाठ वाकवली. "का गं, हात मोडलं का समद्यांचं? माझ्या भाचीचं बारसं हाय. म्हातारीची पाठ अशी किती येळ ठिवू?"

तेव्हा मंजुळेची आई पुढे आली आणि तिने नणंदेच्या पाठीत असा धपाटा घातला की कोंडाईच्या तोंडातलं पान बाहेर पडलं. त्यात नणंदेवरचं जुनं उट्टंही निघालं असणार, असं दामूअण्णा डोळा बारीक करून सांगतात. मग काय, धपाट्यांचा पाऊसच पडला. भानजी डोळे पुसत म्हणाला, "म्या पोर मागितलं हुतं. पोरगाच दे म्हणून कुठं बोललो हुतो?" आणि त्याने लेकीचा पाळणा हलवला.

आजही कातळवाडीत अठरा वर्षं भरली की प्रत्येकाला या पाळण्यात निजावं लागतं, मिशा फुटलेल्या गड्यांनाही. आत्या कान पुढे करते. बहुतेक जण आपलं जुनंच नाव सांगतात, कोणी वेगळं सांगतं. आत्याने का म्हणून विचारायचं नाही, ऐकलं तसं बोलायचं आणि पाठ वाकवून थांबायचं. पहिला धपाटा आईचा असतो. तो पडेपर्यंत पाळण्याला कोणी हात लावत नाही.