झोपेची विनंती

एकदा एक वयोवृद्ध संगणकतज्ज्ञ निवृत्तीनंतर आपल्या डोंगराळ गावी परतले आणि घराच्या ओसरीवरच त्यांनी शिष्य घडवायला सुरुवात केली. त्यांचे नाव विश्वंभर केळुसकर. दुर्गम पाड्यांवर लसी थंड ठेवणाऱ्या पेट्यांसाठी ते एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम तयार करीत होते. पेटी बॅटरीवर चालणारी. म्हणून काम नसेल तेव्हा तिच्यातील पंखा, पडदा, तापमानाच्या नोंदी जपणारी मेमरी, सगळ्यांनीच झोपी जाणे आवश्यक होते.

शार्दूल हा त्यांचा जुना शिष्य. कर्नलमधील, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातील, वीज सांभाळणारा भाग आपल्याकडेच येणार हे त्याने गृहीत धरले होते. सरांनी तो नुकत्याच आलेल्या मृण्मयीला दिला. शार्दूलच्या वाट्याला आला मेमरीचा ड्रायव्हर, म्हणजे मेमरीला चालवणारा छोटा प्रोग्रॅम.

त्या दिवसापासून त्याला तिचे काहीच सोसेना. ती हसली तरी टोचे. सर तिच्या खुर्चीमागे क्षणभर थांबले, की याची बोटे कीबोर्डवर अडखळत. सगळ्यांना झोपवणारी ती, आणि आपण तिच्या हुकमाचे ताबेदार! हा विचार त्याला जेवतानाही सोडीत नसे.

नियम असा होता की कर्नलने झोपेची विनंती पाठवावी, उपकरणाने हातातले काम संपवून होकार कळवावा, आणि मगच वीज तुटावी. शार्दूलने मेमरीला कोणाचीही वाट न पाहता परस्पर झोपायला शिकवले. बॅटरी अधिक वाचली, की खरा हुशार कोण ते सरांना कळेल!

तालुक्याच्या आरोग्य केंद्रातील परिचारिका चाचणी पाहायला आल्या. पेटी झोपली, जागीही झाली. पण मधल्या नोंदी नाहीशा झाल्या होत्या.

"पेटी तापली होती की नाही हेच कळत नसेल, तर ही लस मी बाळाला कशी टोचू?" ज्येष्ठ परिचारिका अनसूयाताईंनी विचारले.

सगळ्यांच्या नजरा मृण्मयीकडे वळल्या. शार्दूलला आतून गोड वाटले; चेहरा मात्र त्याने गंभीर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सरांनी दोघांच्या कामांची अदलाबदल केली आणि मृण्मयीला मेमरीचा ड्रायव्हर नव्याने लिहायला सांगितला. ती मान खाली घालून कामाला लागली.

तिचा ड्रायव्हर तयार झाला, तेव्हा शार्दूलने मोठ्या ऐटीत पहिली विनंती पाठवली. पंख्याचा होकार आला, पडद्याचा आला. मेमरी गप्प.

"सर, मेमरी उत्तरच देत नाही. सरळ वीज तोडू का?"

"तोड की. विनंती पाठवणारा तूच आहेस."

त्याचा हात पुढे गेला आणि थांबला. "पण तिच्यात नोंदी लिहून झाल्या नसतील तर?"

"इथून दिसतं का तुला ते?"

"नाही."

"हे आसन आज्ञेचं आहे असं तुला वाटलं," सर शांतपणे म्हणाले. "इथून फक्त विचारता येतं, आणि थांबता येतं. कोणाचं काम कुठवर आलं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. मृण्मयीला थांबता येतं, म्हणून आधी तिला बसवलं. तुला येत नाही, म्हणून आता तुला."

शार्दूलचा चेहरा उतरला. "म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?"

"तुझा ड्रायव्हर मी वाचला होता. पण तिला सांगायचं काम माझं नाही."

तो उठला, मृण्मयीसमोर जाऊन उभा राहिला आणि सगळे सांगून मोकळा झाला.

"मी घरी परत जायचं ठरवलं होतं, शार्दूल," ती म्हणाली. "माफी नंतर माग. आधी अनसूयाताईंना सांगून ये, नोंदी कोणामुळे गेल्या ते."

तो गेला, सांगून आला. हेवा त्या एका दिवसात सरला असे नाही. सरांनी तिला हाक मारली, की त्याच्या काळजात अजूनही काहीतरी हलत असे. मात्र मेमरीचा होकार येईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसणे त्याला हळूहळू जमू लागले.

ज्या खुर्चीचा आपण हेवा करतो, तिच्यावरचे माणूस बहुधा कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहत बसलेले असते.