रिकाम्या जाळ्याचा चित्रपट

दूर विलायतेत, समुद्रकाठच्या एका गावात, ॲम्ब्रोज पेनहेल नावाचा एक चित्रपटवाला येऊन राहिला. तो काळ मुक्या चित्रपटांचा. बाकीचे चित्रपटवाले रंग फासलेल्या नटांना खोट्या वादळात बुडवत, आणि हा वेडा खऱ्या माणसांची खरी कामं टिपत हिंडे. त्याचा कॅमेरा म्हणजे दांडा फिरवायचा लाकडी पेटारा. तो होडीत ज्या बाजूला ठेवावा, त्या बाजूचे मासे पळून जात, असं तिथले कोळी सांगत. मला तर ते पटलं. तुम्हीही पटवून घ्या.

कॅमेरा होता क्रिबशेटचा. शहरातल्या थिएटरचा हा मालक. त्याला मासेमारीचा चित्रपट हवा होता. पण रोज जाळं टाकावं आणि रोज ते रिकामंच वर यावं. शेवटचं रीळ उरलं, तसा क्रिबशेट स्वतः गावात थडकला. सोबत बाजारातल्या माशांच्या पाट्या.

"ओत जाळ्यात आणि फिरव दांडा!"

ॲम्ब्रोजने एक मासा उचलला. "शेट, यांची पोटं फाडून साफ केलीत. समुद्रात मासे असे पोहतात होय?"

कोळी खो खो हसले. क्रिबशेट लालबुंद झाला. "मग उद्या अख्खे आणतो!"

"आणा की. भाजून खाऊ. पण जाळ्यात नाही घालणार. या कोळ्यांना मासा मिळालेलाच नाही, तर मिळाला असं मी कशाला दाखवू?"

"मग हे रीळ संपलं की कॅमेरा ठेव खाली. यापुढे कुठलं थिएटर तुला उभं करतं, तेच बघतो!"

होडीचा म्हातारा नाखवा जेगो कळवळला. "घाला हो साहेब मासे. आमचं काय जातंय? तुमच्या पोटाचा प्रश्न आहे."

"पोट माझं आहे नाखवा, पण कष्ट तुमचे आहेत."

आणि त्या शेवटच्या रिळावर ॲम्ब्रोजने रिकामं जाळंच टिपलं. जेगोने खाऱ्या दोरांनी चिरलेल्या हातांनी ते वर ओढलं, झटकलं आणि पुन्हा पाण्यात सोडलं, एवढंच.

क्रिबशेटने तो चित्रपट मुद्दाम त्याच गावात आधी लावला. म्हटलं, लोक हसतील आणि याची खोड मोडेल. पण कुणी हसेना. पडदाभर पसरलेले नवऱ्याचे हात पाहून जेगोची बायको उठून उभी राहिली.

"अहो, रिकामं जाळंसुद्धा एवढं जड असतं? आणि मी रोज दारातच विचारते, आज कुठे झोपा काढल्या म्हणून!"

जेगोची छाती अशी फुगली, की कोटाचं बटण तुटून थेट क्रिबशेटच्या टोपीवर आदळलं.

"पुन्हा लावा!" गाव गरजलं. दुसऱ्या दिवशी पंचक्रोशीतली माणसं लोटली. ती गर्दी पाहून क्रिबशेटने कॅमेरा उचलला आणि मुकाट्याने ॲम्ब्रोजच्या खांद्यावर ठेवला. पुढे जन्मभर ॲम्ब्रोजने खाणीतली, गिरणीतली, रुळांवरची माणसं टिपली. जसं काम, तसं चित्र.

तात्पर्य: कष्ट खरे असतील, तर त्यांना खोट्या यशाचा साज चढवू नये, ते आहेत तसेच ताठ मानेने मिरवावेत.