एकमताचा खोकला

एक होता डोंगर. त्या डोंगराच्या पोटात होतं एक राज्य. घुशी, ससे, मुंगसं, झाडून सगळी बिळात राहणारी मंडळी तिथं नांदत होती. राजा होता साळिंदर. अंगभर काटे असल्यामुळे त्याच्याजवळ कुणी फिरकत नसे, म्हणून तो म्हणायचा, "माझ्यावर कुणाचाही दबाव नाही."

आता बिळात उजेड अगदीच अंधुक. गर्दीत हात वर केला तरी दिसणार कुणाला? म्हणून पूर्वजांनी नियम घालून दिला होता. प्रस्ताव ज्याला मंजूर असेल त्यानं सभेत एकदा खोकायचं, नसेल त्यानं गप्प बसायचं. आणि जो श्वास घेतो त्याला मत, मग ते कालचं पिल्लू का असेना. खोकले मोजायला एक वटवाघूळ नेमलेलं होतं.

हौसाक्का ही तिथलीच एक घूस. डोंगरमाथ्यावरून आत येणारी बारा हवाबिळं होती. त्यांतून ताजा वारा यायचा, कुबट हवा बाहेर जायची. ती खरवडून साफ ठेवायचं काम हौसाक्काच्या सासरी पिढीजात चालत आलेलं. या कामाचं कौतुक कधी कुणी केलं नाही. श्वासाचं कौतुक कोण करतो?

एके वर्षी महाराजांचा वाढदिवस आला. प्रधान कोल्ह्यानं बाराही हवाबिळांच्या तोंडावर महाराजांच्या भल्यामोठ्या तसबिरी ठोकल्या. का, तर येणाऱ्या-जाणाऱ्या वाऱ्यालाही दर्शन घडावं! वाऱ्यानं दर्शन घेतलं आणि बाहेरूनच परत गेला. आत ओल धरली. भिंतींवर हिरवी-काळी बुरशी चढली, आणि सगळं राज्य खोकायला लागलं.

हौसाक्काची लेक बकुळी तर अजून अंगावर पिणारी. खोकून खोकून प्यालेलं दूध ओकून टाकायची, छाती भात्यासारखी वरखाली व्हायची. हौसाक्काचा जीव तीळतीळ तुटायचा. शेवटी ती प्रधानाकडे गेली.

"प्रधानजी, तेवढ्या तसबिरी काढा हो. बोटभर बुरशी चढलीय. माझी पोर गुदमरतीय."

"अहो हौसाक्का, महाराजांना काढा म्हणताय? जरा हळू बोला!" कोल्हा म्हणाला. "समिती नेमू आपण."

समिती म्हणजे महाराजांचे मेव्हणे. ते नाक दाबून आले, बुरशीवर चुना फासला आणि अहवाल दिला, 'बुरशी आढळली नाही.' आठ दिवसांत चुन्यातून बुरशी वर आली, पण तोवर अहवाल मंजूर झाला होता.

अहवालच काय, हल्ली सगळंच मंजूर व्हायचं! सशांची निम्मी रताळी महाराजांच्या कोठारात जमा करावीत, असा प्रस्ताव आला, तेव्हा सगळ्यांत जास्त ससेच खोकले. वटवाघूळ ओरडलं, "एकमतानं मंजूर!" ससे एकमेकांकडे बघत राहिले. मेले करतात काय, खोकला का कुणाच्या बापाचं ऐकतो?

पुढच्या सभेत महाराज बोलायला उभे राहिले. "माझ्या बांधवांनो! काही करंटे म्हणतात, ही बुरशी आहे. मी म्हणतो, ही हिरवाई आहे! याआधी कुठल्या राजानं घराच्या आत हिरवाई आणली होती का?" खालून घोषणा उठली, "हिरवं छत, एकमत!"

हौसाक्का बकुळीला पोटाशी धरून उभी राहिली. "माझा प्रस्ताव आहे. तसबिरी काढा, हवाबिळं साफ करा."

सभा खोकली. वटवाघळानं मोजलं आणि चाचरत म्हणालं, "एकमतानं... मंजूर."

हौसाक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. पण कोल्हा शांतपणे उठला. "फार छान. आता माझा प्रस्ताव. हौसाक्कांच्या प्रस्तावाची अंमलबजावणी झाली आहे, असं समजावं." सभा पुन्हा खोकली. तोही मंजूर झाला.

मग मात्र हौसाक्कानं पदर खोचला. घरी आली, भिंतीवरची बुरशी दातांनी खरवडली आणि आपल्या बिळातून थेट बाहेरपर्यंत भोक पाडलं, चांगलं मूठभर. वारा आत आला. चार दिवसांत बकुळीचा खोकला थांबला. पोर पोटभर प्यायली आणि हसली. हौसाक्काची स्वतःची छाती मात्र बुरशी खरवडून खरवडून पार बसली होती. पण तिला त्याचं काही वाटलं नाही. पोर वाचली, बास.

पुढच्या सभेत खोकले मोजता मोजता वटवाघळाचे कान ताठ झाले. "एक मत कमी!"

शोधाशोध झाली. गप्प सापडली ती बकुळी.

"पोरीला बाहेरची हवा लागलीय," कोल्हा गंभीरपणे म्हणाला. "हा राज्याविरुद्धचा कट आहे. पण आपलं राज्य न्यायाचं. ही आजपासून विरोधी पक्षनेती! तिच्या मानासाठी तिच्या घरातल्या भोकावर महाराजांची तेरावी तसबीर बसवावी, असा माझा प्रस्ताव आहे."

हौसाक्काला सगळं उमगलं. आता खोकायचं नाही! तिनं ओठ दाताखाली धरले, श्वास रोखला. डोळे बाहेर यायची वेळ आली. आजूबाजूला सगळे खोकत होते. बकुळी आईच्या तोंडाकडे टुकूटुकू बघत होती. आणि इतके दिवस बुरशी खाल्लेली ती छाती, ती काय ऐकणार? हौसाक्का खोकली. खोकतच राहिली.

"आईसुद्धा आमच्या बाजूनं आहे," कोल्हा म्हणाला. त्याच दिवशी तसबीर बसली.

आठव्या दिवशी बकुळी भर सभेत खोकली. हौसाक्कानं तिला उराशी घट्ट धरलं. महाराजांनी स्वतः उठून पोरीच्या गळ्यात हार घातला, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि वटवाघळानं जाहीर केलं की, राज्याच्या विकासासाठी विरोधी पक्षनेत्यांनी सत्ताधारी पक्षात प्रवेश केला आहे.